थर वेगळे असल्यास कारण

“आणि नाही सांगितलं, तर कुणाचं काय अडणार आहे?” लेकीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि कप असा आदळला की बशीच्या कडेचा टवका उडून ओट्यावर पडला.

“टवका टाकू नकोस. वाटीत ठेव, मी चिकटवते,” आई म्हणाली.

“बघा! मी माझ्या सहा वर्षांचं बोलतेय आणि हिला बशीचं पडलंय.”

“बशीचं नाही, टवक्याचं. मोठा तुकडा कुठे जात नाही. लहान हरवतो आणि मग जन्मभर खाच राहते.”

रविवार होता, दहा वाजून गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घडी घातलेल्या रुमालावर, निम्म्या तळहाताएवढी एक खापरी ठेवलेली होती. तांबूस, जाड. तिच्यावर शिक्का उमटलेला होता, पण अर्धाच. शिंगं असलेल्या कुठल्याशा जनावराचं तोंड आणि पुढचे दोन पाय. जनावराचं बाकीचं अंग या घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर, उत्खननाच्या भांडारात, कुलूपबंद काचेच्या पेटीत होतं. गेली अठरा वर्षं ते मागचं अंग पुस्तकांत छापलं जात होतं, गावात शिरताना लागणाऱ्या फलकावर रंगवलेलं होतं, आणि या घराच्या भिंतीवरच्या फोटोतही होतं. फोटोत एक तरुण माणूस, घामानं डबडबलेला, तळहातावर ते धरून उभा होता.

तो तरुण माणूस आता केस पिकलेला, टेबलाच्या टोकाला बसून वर्तमानपत्राचं एकच पान मघापासून वाचत होता. उत्खननावर त्यानं पंचवीस वर्षं मजुरांची टोळी सांभाळली होती. सगळं गाव त्याला मुकादम म्हणे, आणि रागावली की त्याची सख्खी आईसुद्धा.

“एका भांड्याचे दोन तुकडे,” तो पानाआडून म्हणाला. “त्यात एवढं काय? भांडं फुटलं की तुकडे उडतातच.”

“उडतात. पण राखेच्या थरातून खाली नाही उडत,” आई म्हणाली.

राखेचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळत होता. खाटेवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनासुद्धा.

गावाबाहेरच्या टेकाडात एकावर एक तीन थर होते. सगळ्यात वर मोठ्या साम्राज्याची कोठारं, तटबंदी, शिक्क्याची भांडी. त्या राजांच्या घोडदळाची एके काळी समुद्रापर्यंत दहशत होती. मधे वीतभर जाडीची काळी राख, कधीतरी सगळी वस्ती जळाली तिची. आणि राखेखाली त्याहून तीनशे वर्षं जुनी साधी माणसं. त्यांची साधी भांडी, शिक्का नाही, नक्षी नाही. अठरा वर्षांपूर्वी मुकादमाला राखेखाली, त्या साध्या माणसांच्या जमिनीवर, शिक्क्याची अर्धी खापरी सापडली आणि सगळं उलटंपालटं झालं. उत्खननाच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, पुस्तक लिहिलं. ते राजे बाहेरून आलेच नव्हते, त्यांचं राज्य इथेच, याच गावात जन्मलं. गावानं फलक लावला. आणि लेकीनं सरांच्याच हाताखाली प्रबंध लिहिला. सहा वर्षं. चौथं प्रकरण त्या एका खापरीवर उभं होतं, आणि पुढची तीन चौथ्यावर. गुरुवारी तोंडी परीक्षा होती.

काल, शनिवारी, त्या खापरीचा जोडीदार सापडला. वरच्या थराच्या पोत्यात.

“तू ती घरी आणलीसच का?” मुकादमानं पान खाली केलं. “बावीस वर्षांत भांडारातली चिमूटभर माती घरी आणली नाहीस. पोराटोरांना रागवायचीस. आणि आता डब्यात घालून?”

“तिथे ठेवली असती, तर सोमवारी ती मला पुन्हा दिसली नसती.”

“कोण चोरणार होतं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मीच पोत्यात टाकली असती.”

सासूबाईंनी तांदळातला खडा उचलून खिडकीबाहेर फेकला. “लोकांच्या सुना घरची भांडी घासतात, आमची मेलेल्यांची घासते. मी तेव्हाच म्हणाले होते, परक्याची उष्टी भांडी कुणाला लाभत नाहीत.”

सून हे ऐकून-ऐकून जुनी झालेली होती. तिला भांडारात सगळे खापरताई म्हणत. लेक दोन वर्षांची झाली तेव्हापासून ती टेकाडावर मातीच्या पाट्या वाहायला जाऊ लागली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला पडलेले असताना तिनं वाळत घातलेल्या खापऱ्यांतले अकरा तुकडे उचलून, नुसते वाळूत टेकवून, अख्खा कटोरा उभा केला. सरांनी विचारलं, कसं केलंस? ती म्हणाली, “ते एकमेकांचे होते.” त्या दिवसापासून तिची पाटी सुटली. सातवी शिकलेल्या बाईला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, बारीक निबाची लेखणी मिळाली. खापरी मऊ ब्रशनं धुवायची, ताटात वाळवायची, आतल्या बाजूला काळ्या शाईनं थराचा आणि पिशवीचा आकडा घालायचा. मग जोड शोधायचे. जोडलेले तुकडे ती घरून नेलेल्या जुन्या परातीत, वाळूत उभे करून वाळवी. जोड खरा की खोटा, हे ती डोळ्यांनी बघतच नसे. डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवायची. नख अडलं तर खोटा. डोळ्यांना काय, ती म्हणे, त्यांना जे हवं असतं तेच दिसतं.

काल तिनं नख सात वेळा फिरवलं होतं.

भांडारात जागा उरली नव्हती, म्हणून वरच्या थराच्या बिनकामाच्या खापऱ्यांची चाळीस पोती जुन्या खड्ड्यात बुजवून टाकायची ठरलं होतं. तिनं सरांकडून एक सवलत मागून घेतली होती, प्रत्येक पोत्यावर शेवटची नजर टाकायची. सर हसले होते. “टाका ताई, लेकीची पाठवणी करताय जणू.” एकतिसाव्या पोत्यात ही खापरी होती, आतून आकडा घातलेली, पण शिक्क्याच्या बाजूवरचं घट्ट मातीचं पुट धुतानाही तसंच राहून गेलेली. ओल्या बोटानं पुट भिजवून सोडवलं आणि जनावराचं तोंड तिच्याकडे बघू लागलं. भांडारात तेव्हा कुणी नव्हतं. काचेच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच असे. तिनं मागचं अंग काढलं, पुढच्याला लावलं. ते बसलं. चिकटवायचीही गरज नव्हती, असं बसलं.

भांडारात एक जाड वही होती, जोडणीची. तीत रकाने होते: तारीख, पहिल्या तुकड्याचा आकडा, दुसऱ्याचा आकडा, थर, आणि सगळ्यात शेवटी “थर वेगळे असल्यास कारण”. बावीस वर्षांत हा शेवटचा रकाना तिला फार तर पाच-सहा वेळा भरावा लागला होता. उंदराचं बीळ. झाडाचं मूळ. विहिरीची कड. वहीत लिहिलं की ते झालं. वही कुणी फाडत नसे, खोडत नसे.

तिनं कालच्या तारखेखाली काही लिहिलं नाही. खापरी रुमालात गुंडाळून रिकाम्या डब्यात घातली.

“मला सांग,” लेक आता समोर येऊन बसली होती, आवाज मुद्दाम खाली आणून. “कारण काय लिहिणार आहेस? शेवटच्या रकान्यात?”

“तेच तर माहीत नाही.”

“म्हणजे दोनच गोष्टी असू शकतात. एक तर खणताना काही चुकलं...”

“खणताना काही चुकलेलं नाही,” मुकादम एकदम म्हणाला.

“...नाहीतर पिशव्यांवरच्या थराच्या चिठ्ठ्या बदलल्या. वरच्या थराची चिठ्ठी खालच्या ताटात गेली. धुताना.” लेक थांबली. “धुणारी तूच होतीस, आई.”

“हेच म्हणतोय मी,” मुकादम म्हणाला. वर्तमानपत्राची घडी घालत होता, फार नीट, कोपऱ्याला कोपरा. “तुझ्याच हातून झालं असेल. माणूस आहे, चुकतो. त्या आठवड्यात आपल्या या छकुलीला ताप होता, तुझं लक्ष होतं का ताळ्यावर? मग उगाच कशाला वहीत लिहून जगाला सांगायचं? खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल.”

“खापरीचं खापरच फुटणार, दुसरं काय,” सासूबाई म्हणाल्या.

आईनं रुमालाची घडी पुन्हा सारखी केली. हा विचार तिला काल रात्रीपासून कुरतडत होता, पण दुसऱ्याच्या तोंडून, त्यातही नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो विचार राहिला नाही, आरोप झाला. ताप खरा होता. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. दुपारी शाळेतून निरोप आला आणि ती हातातलं टाकून धावली होती. हातातलं म्हणजे काय? किती ताटं उघडी होती? एक ताट, एक चिठ्ठी, आधीचं ताट शाई घालून झाल्याशिवाय दुसरी पिशवी उघडायची नाही, हा तिचा स्वतःचा नियम. पण अठरा वर्षांपूर्वी, तापलेल्या पोरीच्या निरोपानंतर, नियम पाळला होता का?

तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं नाव बघितलं आणि फोन आईच्या हातात दिला, जळता निखारा द्यावा तसा. सर होते.

“ताई, रविवारी त्रास देतोय. उद्या दहाला राजधानीच्या संग्रहालयाची गाडी येतेय. आपली खापरी कापसात नीट बांधून ठेवा, प्रदर्शनात पहिल्या दालनात ठेवणार आहेत. आणि पोती आठलाच बुजवायला सांगितलीत मी, गाडीला अंगण मोकळं लागेल. झाली ना तुमची शेवटची नजर?”

तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. सासूबाईंचा हातही सुपात थांबला होता.

“एकतीस झाली, सर.”

“मग पुरे! नऊ पोत्यांत कुठला राजा सापडणार आहे? बरं, लेकीला म्हणावं, गुरुवारी घाबरू नकोस. चौथं प्रकरण तर माझं पाठ झालंय.”

“हो सर,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

हो सर. तिला स्वतःचीच शिसारी आली. लेकीनं मात्र सुस्कारा सोडला, खुर्चीत मागे रेलली.

“बघ, तूही काही बोलली नाहीस. म्हणजे मनातून तुलाही पटलंय.”

“मला काही पटलेलं नाही. माझी जीभ चिकटली.”

“मग चिकटलेलीच राहू दे चार दिवस!” लेक उठली. “चार दिवस, आई! गुरुवारनंतर काय वाटेल ते लिही. एका बुजवायच्या पोत्यातल्या खापरीपायी माझा प्रबंध... तुला कळतंय का प्रबंध म्हणजे काय? तुला शिकायला मिळालं नाही, त्याचं उट्टं माझ्यावर काढतेयस!”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “ए पोरी. जीभ आवर.”

लेक ओठ चावत उभी राहिली. बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

आईनं माजघरात जाऊन तिथल्या खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. भांडारातल्या वह्या भांडारात राहत, पण तिची एक स्वतःची होती, दर वर्षाची एक. पाटी सुटली त्या दिवसापासून तिनं रोज संध्याकाळी दोन ओळी लिहिल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. शाळा सुटल्यापासून हातात लेखणी नव्हती, ती मिळाली म्हणून लिहिलं. सासूबाई म्हणत, हिची रोजनिशी म्हणजे दळणाचा हिशेब, किती खापऱ्या दळल्या. तेही खरंच होतं.

अठरा वर्षांपूर्वीची वही निळ्या पुठ्ठ्याची होती. पानं एकमेकांना चिकटलेली. ती ओल्या बोटानं एकेक सोडवत गेली. मुकादम दारात येऊन उभा राहिला.

“कशाला जुनी मढी उकरतेस?”

“पंचवीस वर्षं तुम्ही काय करत होतात?”

तिला पान मिळालं. स्वतःचं अक्षर, तेव्हाचं, मोठं आणि घाबरलेलं. तिनं मोठ्यानं वाचलं.

“‘आज यांना शिक्का सापडला. पिशवी एकच. एकशे त्रेचाळीस नग. शिक्क्याला सरांसमोर शाई घातली. दुपारी शाळेतून निरोप, पोरीला ताप. ताट झाकून ठेवलं, वर दगड. दुसरी पिशवी उघडली नाही.’” तिनं पान उलटलं. “पुढचे तीन दिवस काहीच नाही. तीन दिवस मी गेलेच नाही. पोरीच्या उशाशी होते. वरच्या थराच्या पिशव्या नंतर आठवड्यानं उघडल्यात, एकेक करून. हे बघा. ‘दुसरी पिशवी उघडली नाही.’ चिठ्ठी कशी बदलेल? बदलायला दुसरी चिठ्ठीच नव्हती.”

वही तिनं उघडीच त्याच्यासमोर धरली. मुकादमानं ती घेतली नाही. चष्मा कपाळावर होता, तो खाली केला नाही.

“अक्षर लागत नाही मला,” तो म्हणाला आणि वळला.

ती पेटीपाशी तशीच बसून राहिली. आधी सुटका वाटली, हातपाय सैल झाले. आपल्या हातून झालेलं नाही. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की दोनच गोष्टी असू शकतात असं लेक म्हणाली होती, आणि त्यातली एक आता मिटली होती.

ती स्वयंपाकघरात आली. टेबलावर घडी घातलेला रुमाल होता. खापरी नव्हती.

“आई, इथली खापरी?” तिनं सासूबाईंना विचारलं.

“मला काय विचारतेस? मी काय ती कुकरला लावलीय?”

ती आतल्या खोलीत गेली. लेक जमिनीवर बसली होती, मांडीवर प्रबंधाची जाड प्रत. “मी नाही घेतली,” ती आधीच म्हणाली. मग आईचं तोंड बघून उठली. “बाबा कुठेयत?”

मुकादम पुढच्या खोलीत नव्हता. चपला जागच्या जागी होत्या. मागच्या अंगणातून दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, खर्र, एकदाच. आई धावली. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. कपडे धुण्याचा दगड, नारळ फोडायचा बत्ता, आणि लाल चुरा.

मुकादम धुण्याच्या दगडावर बसला होता. बत्ता त्याच्या पायाशी होता. खापरी तळहातावर होती, फोटोतल्यासारखी, आणि अख्खी होती. डोळे मिटून तो तिच्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. पुढे जायची हिंमत होईना. बत्ता त्याच्या जास्त जवळ होता.

“द्या ती इकडे,” ती हळूच म्हणाली.

“माती मऊ होती,” मुकादम म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. परातीएवढा एक गोल होता, त्यातली माती मऊ होती. सकाळी पोरांनी राख काढली तेव्हाच मी बघितलं. सगळीकडे राख होती, त्या गोलात नव्हती.” त्यानं डोळे उघडले. “मला कळलं नाही असं नाही. पहिल्याच वर्षी सरांनी शिकवलं होतं. माती बदलली की हात थांबवायचा, गोल आखायचा, हाक मारायची. वरच्यांनी नंतर खणलेला कचऱ्याचा खड्डा असतो तो. त्यातलं काही खालच्यांचं धरायचं नाही.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“सर पाहुण्यांना टेकाड दाखवत होते. हंगामाचा शेवटचा दिवस. म्हटलं, थोडं खरवडतो, मग सांगतो. आणि दुसऱ्याच फटक्याला ही आली. म्हणजे हिचं मागचं.” तो हसल्यासारखं करून थांबला. “मी ओरडलो. सर धावत आले आणि माझ्या गळ्यात पडले. रडत होते गं. एवढा मोठा माणूस. रडणाऱ्याला कसं सांगायचं, की थांबा सर, माती मऊ होती? म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी फोटो काढला. मग म्हटलं उद्या. उद्या पावसाआधी सगळं बुजवलं.”

“आणि मघाशी म्हणालात, माझ्या हातून झालं असेल.”

त्यानं मान खाली घातली.

“ताप होता म्हणालात. लक्ष ताळ्यावर होतं का म्हणालात.” तिचा आवाज चढला नाही, त्यानंच तो जास्त भेदरला. “काल रात्रभर मी छताकडे बघत होते. तुम्ही शेजारी जागे होतात. मला ऐकू येत होतं.”

“मला वाटलं, तुझ्यावर गेलं तर निभावेल. तू काय, धुणारी. चूक झाली म्हटलं तर लोक म्हणतील, बाई आहे, झालं असेल. माझं मात्र...” त्यानं घराकडे, भिंतीच्या दिशेनं बघितलं. “माझं तेवढंच आहे.”

“आणि माझे हात? ते कुणाचे आहेत?”

लेक दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिच्या मागे, काठी न घेता, भिंतीला धरत सासूबाईही आल्या होत्या.

“मला ठाऊक होतं, कुठेतरी पाणी मुरतंय,” सासूबाई म्हणाल्या. “त्या दिवशी हा घरी आला, सगळं गाव दारात, आणि हा ताटावरून उठला. फोटो काढून घेतलेला माणूस उपाशी झोपत नाही, मुकादम.”

लेक पायरी उतरून बापासमोर आली. आता ती रडेल असं आईला वाटलं. पण तिनं कमरेवर हात ठेवले, आणि विचारलं तेव्हा आवाज कोरडा होता, कामाचा.

“गोल राखेच्या वरपासून होता, की राखेखाली सुरू झाला?”

“वरपासून. राख कापत खाली गेला होता.”

“नक्की? बाबा, नीट आठवा. कड सरळ होती, की पसरट?”

“सरळ. विहिरीसारखी.”

लेकीनं मान हलवली, एकदा, दोनदा. मग पायरीवर मटकन बसली. “मग संपलंच,” ती म्हणाली. “ते राजे बाहेरूनच आले. आले, जाळलं आणि वर राहिले. खालच्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही.”

आईला खालच्यांची भांडी आठवली. प्रत्येक मुठीच्या बुडाशी एक अंगठा दाबलेला असे, लहानसा, बहुतेक बाईचा. अठरा वर्षं लोक त्या अंगठ्याला राजाच्या कोठारातला नोकर म्हणत आले होते. ती कुणाजवळ बोलली नव्हती, पण तिला ते कधी पटलं नव्हतं.

“सर मानणार नाहीत,” लेक म्हणाली. “मी ओळखते त्यांना. ते म्हणतील, ताईंच्या चिठ्ठ्या बदलल्या. सगळं आईवर ढकलतील आणि पुस्तक तसंच राहील. बाबा बोलले नाहीत तर.”

“मी कसा बोलू?” मुकादम म्हणाला. “त्यांच्यासमोर? शाळेची पोरं येतात, मी दाखवतो त्यांना, कुठे सापडलं, कसं सापडलं...”

“आणखी एक मार्ग आहे,” सासूबाई म्हणाल्या. “जोड हिनं शोधला असं लिही.” त्यांनी नातीकडे बोट केलं. “म्हणजे पोरीनं स्वतःच चूक काढली असं होईल. हुशारीही दिसेल आणि घरातलं घरात राहील.”

लेकीनं आईकडे बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. आईला ते दिसलं, आणि लेकीला कळलं की दिसलं. ती लाल झाली आणि दुसरीकडे बघू लागली.

“नको, आजी,” ती पुटपुटली. “मी ते पोतं बघितलंसुद्धा नाही.”

आईनं पुढे होऊन मुकादमाच्या हातातून खापरी घेतली. त्यानं दिली. तिनं ती उलटी करून आतली बाजू बघितली. तिचाच आकडा, वरचा थर, शाई अजून काळीभोर. कडेला धुण्याच्या दगडाचा एक पांढुरका ओरखडा उठला होता, ताजा. म्हणजे तो खर्र आवाज. म्हणजे त्यानं सुरुवात केली होती, आणि थांबला होता. तिनं ओरखड्यावरून नख फिरवलं. वरवरचा होता. जोडाला बाधत नव्हता.

आत येऊन तिनं खापरी रुमालात गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि डबा आपल्या पिशवीत घातला. पिशवी खुंटीला न अडकवता खांद्यालाच ठेवली. तिघं मागोमाग स्वयंपाकघरात आले आणि कुणी न सांगता आपापल्या जागी बसले. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नव्हत्या. तिनं शेगडी बंद केली.

“पोती आठला बुजवतात,” ती म्हणाली. “मी उद्या सातला निघणार. साडेसातला भांडार उघडेन, उरलेली नऊ पोती बाजूला काढेन, आणि जोड वहीत लिहीन. शोधणारी म्हणून माझं नाव लिहीन, कारण शोधला मी. शेवटच्या रकान्यात चिठ्ठी बदलली असं लिहिणार नाही. खड्डा लिहिणार, वरच्या थरातून राख कापून खाली गेलेला. कुणी पाहिला, तिथे तुमचं नाव लिहीन. तुम्ही सोबत आलात तर तुमची सही घेईन, नाही आलात तर सहीची जागा मोकळी सोडेन, पण नाव लिहीन. दहाला गाडी आली की सरांना वही दाखवेन आणि मग पेटीची किल्ली देईन, त्याआधी नाही. गुरुवारी जायचं की नाही ते पोरीनं ठरवायचं, मी त्यात पडणार नाही. चला, जेवायला बसा.”